पाण्याची रेल्वे आली, पण कथा कुठे आहे?

मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे 12 एप्रिल 2016 ला दुष्काळानं तहानलेल्या लातूरला पोचली. टाक्यांचे दहा डबे, पाच लाख लिटरच्या आसपास पाणी. ही बातमी झाली. घटना मोठी आहे म्हणजे कथा तयारच आहे असं समजून नवे लेखक इथंच फसतात. कुणाला तरी काहीतरी हवं असतं आणि ते सहजी मिळत नसतं, तिथं कथा सुरू होते.

समजा, एक आजी आहे. नातीला बघायला उद्या पाहुणे येणार आणि घरात पाणी दोनच घागरी. हे झालं कथाबीज. पाच लाख लिटर वाचकाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत, दोन घागरी येतात.

आता कथानक. आजी टँकरवर गेली, रांगेत उभी राहिली, शेजारीण भेटली, हा नुसता घटनाक्रम. शेजारणीच्या घरात बाळंतीण, म्हणून आजीनं आपला नंबर तिला दिला. तेवढ्यात टँकर रिकामा झाला. त्यामुळे दहा वर्षं बोलणं नसलेल्या जावेच्या दारात जाणं भाग पडलं, हे कथानक. तपासायचं असेल तर प्रसंग वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहा आणि दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल करा. तरीही काही बिघडत नसेल, तर प्रसंग एकमेकांत गुंतलेले नाहीत. याच प्रसंगांतून आजीचा स्वभावही कळतो. ‘आजी प्रेमळ होती’ असं वेगळं लिहावं लागत नाही. दीड हजार शब्दांच्या कथेला तीन पात्रं पुरतात.

वातावरण म्हणजे सुरुवातीला ऊन आणि भेगाळलेली जमीन यांचा परिच्छेद नव्हे. तो बहुतेक वेळा काढूनच टाकावा लागतो. 2016 च्या मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी पाचपेक्षा जास्त माणसांनी जमू नये, असा जमावबंदीचा आदेश निघाला होता. आजी तिथं पोचणारी सहावी असली, की वातावरण तिच्या वाटेत येऊन उभं राहतं. असं काम करत असेल तेवढंच ठेवा.

सगळ्यात जास्त चुका निवेदनात होतात. कथा नातीच्या ‘मी’मधून सांगायची ठरवली, तर जावांचं भांडण कशावरून झालं हे तिला माहीत आहे का, ते आधी ठरवा. माहीत नसेल तर तिनं ते दारामागून ऐकलं पाहिजे किंवा कोड्यातच राहिलं पाहिजे. अर्ध्या पानावर अचानक जावेच्या मनातलं लिहिलंत, की वाचकाचा विश्वास उडतो. शंका आली तर पहिलं पान दोनदा लिहा, एकदा ‘मी’ धरून आणि एकदा ‘ती’ धरून. मोठ्यानं वाचल्यावर कोणतं टिकतं ते कळतं.

संवादात बोली जरूर आणा, पण एकाच भागाची. ‘कामून आलीस?’, ‘काय करायलीस?’ असं बोलणारी जाऊ पुढच्या पानावर कोल्हापुरी बोलू लागली, तर पात्र मोडतं. आणि दोघींना ठाऊक असलेली माहिती वाचकासाठी त्यांच्या तोंडी घालू नका. ‘आपलं भांडण दहा वर्षांपूर्वी झालं’ असं कुठली जाऊ जावेला सांगते?

आशयाचं काय? महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांची वचनं आणि दृष्टान्त घेऊन केसोबासांनी ‘दृष्टान्तपाठ’ रचला. त्यात आधी सूत्र म्हणजे तत्त्व सांगणारं वचन, मग दृष्टान्त म्हणजे ते समजावणारी छोटी गोष्ट आणि शेवटी त्याचा अर्थ जुळवून दाखवणारं दार्ष्टान्तिक. तिथं ते शोभतं, कारण तत्त्व समजावणं हाच हेतू आहे. आजच्या कथेत मधला भाग तेवढा लिहायचा. जाऊ दार उघडते, काही न बोलता आजीच्या हातातली रिकामी घागर घेते आणि आत जाते. पुढं नात्यांबद्दल एखादं वाक्य सुचलं असेल, तर ते वहीच्या समासात राहू द्या.