आईचा लॅपटॉप, व्हीएलसी आणि ती एक टिक

गेल्या दिवाळीत मी आईच्या लॅपटॉपवर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेयर लावून दिला, "आता तू मध्येच बंद केलंस तरी पुढच्या वेळी तिथूनच सुरू होईल" असं छातीठोकपणे सांगितलं आणि पुण्याला परत आलो. तिसऱ्या दिवशी फोन. "अरे, ते परत वंदनापासूनच लागतंय." प्रवचनमालेचे दोन-दोन तासांचे भाग आहेत, तिला पाऊण तासात डुलकी लागते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वंदन. महिन्याभराने गेलो तेव्हा लॅपटॉपशेजारी वही होती. निळ्या पेनाने, ओळीखाली ओळ: '१ तास ७ मि. राजाची गोष्ट अर्धी.' '१ तास ३१ मि. प्रसादाआधी.' यंत्राने करायचं काम बाई हाताने करत होती, आणि वर मलाच म्हणाली, "असू दे रे, तुला वेळ नसतो."

चूक माझी होती. एका टिकची. या शनिवारी पुन्हा जातोय, म्हणून हे लिहून ठेवतोय. तुम्हीही कुणाच्या घरी हे लावून द्यायला निघाला असाल तर घ्या.

आधी व्हीएलसी कुठला आहे ते बघा. थांबल्या जागेवरून पुढे चालू करायची सोय २.२ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून आली. त्याहून जुना असेल तर काढून नवा टाका, वाद घालू नका. विंडोजमध्ये व्हिडिओ फाईल डबल-क्लिक केल्यावर व्हीएलसीच उघडतोय ना, हेही बघा. नाहीतर आज एका प्लेयरमध्ये बघितलं, उद्या दुसऱ्यात, आणि याची नोंद त्याला कुठून असणार? आईला मी एवढंच सांगितलंय: नारिंगी शंकू दिसला तर बरोबर. रस्त्यावर खोदकामाच्या बाजूला ठेवतात तो.

मग कंट्रोल आणि पी. प्रेफरन्सेसची खिडकी उघडते, पहिलाच विभाग इंटरफेसचा. खाली सरकत गेलं की 'कंटिन्यू प्लेबॅक?' असा प्रश्न दिसतो आणि समोर तीन पर्याय: नेव्हर, आस्क, ऑलवेज. मुळात 'आस्क' असतो. आपल्यासाठी ठीक आहे, पण घरच्या मोठ्या माणसांसाठी नाही. 'आस्क' असलं की व्हिडिओ सुरू होताना वर एक पट्टी येते, पुढे चालू करायचं का विचारते, आणि काही सेकंदांत निघून जाते. आई तेवढ्या वेळात चष्मा शोधत असते. 'ऑलवेज' करा.

इथपर्यंत गेल्या वेळी मीही केलं होतं. 'ऑलवेज' केलं, सेव्ह दाबलं, खूश झालो, चहा प्यायलो.

आता थांबा. त्याच पानावर, आणखी खाली, 'प्रायव्हसी'च्या चौकटीत एक ओळ आहे: 'सेव्ह रिसेंटली प्लेड आयटम्स'. अलीकडे लावलेल्या फाईलींची नोंद ठेवा, एवढाच अर्थ. तिच्यापुढे टिक असलीच पाहिजे. कारण व्हीएलसी थांबल्याची वेळ वेगळीकडे कुठे लिहीत नाही, ती याच यादीत, त्या त्या फाईलीच्या नावापुढे लिहितो. यादीच बंद तर वेळ लिहायची कुठे? मग वरचं 'ऑलवेज' नुसतं शोभेला. आणि तो तुम्हाला सांगतही नाही. ना लाल अक्षर, ना सूचना. मुकाट्याने पहिल्या सेकंदापासून सुरू करतो.

ही टिक मुळात असतेच, म्हणून कुणी बघत नाही. आमच्याकडे नव्हती, कारण लॅपटॉप आधी माझा होता. ऑफिसात प्रोजेक्टरला जोडताना मेनूत आदल्या रात्रीच्या सिनेमांची नावं दिसायला नकोत म्हणून मीच कधीतरी काढली होती आणि साफ विसरलो होतो. वापरलेला लॅपटॉप देत असाल तर ही टिक बघा. नवा देत असाल तरी बघा. टिकशेजारी 'फिल्टर' म्हणून एक रिकामी जागा असते, त्यात काही लिहिलेलं असेल तर पुसा. तिथे लिहिलेला शब्द ज्या फाईलीच्या नावात येईल ती फाईल नोंदीतून वगळली जाते. मग सेव्ह. मग व्हीएलसी पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, कारण ही टिक तो सुरू होतानाच वाचतो. आणि उघडल्यावर परत कंट्रोल-पी करून टिक आहे का बघा. हो, परत.

तीच यादी पुसणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. एक, मीडिया मेनूत 'ओपन रीसेंट मीडिया'खाली 'क्लिअर' असतं. ते दाबलं की नावांबरोबर वेळाही गेल्या. दुसरी, ती कॉम्प्युटर साफ करून वेगवान करतो म्हणणारी सॉफ्टवेअरं. भाचा हौसेने टाकून जातो आणि ती इतर कचऱ्याबरोबर ही यादीही झाडून टाकतात. काढून टाका, भाच्याला मी बघतो. शिवाय यादीत शेवटच्या ३० फाईलीच राहतात. सुट्टीत नातवंडांनी मोबाईलच्या चाळीस क्लिपा लावल्या की आजीचं प्रवचन यादीच्या शेपटाकडून बाहेर.

पेनड्राइव्हचं बघा. व्हीएलसी फाईल ओळखतो ती पूर्ण पत्त्यावरून: कुठला ड्राइव्ह, कुठलं फोल्डर, काय नाव. मंडळाने दिलेला पेनड्राइव्ह आज ई म्हणून लागला आणि उद्या एफ म्हणून, तर त्याच्या लेखी ती नवीच फाईल. म्हणून सगळे भाग लॅपटॉपवर एका फोल्डरात कॉपी करा, नावं हवी तशी आत्ताच बदला, ०१, ०२ असे आकडे आत्ताच घाला. नंतर फोनवरून "आई, त्याला राइट क्लिक कर" हा प्रकार नको. नाव बदललं की त्या भागाची वेळ गेली.

तपासायची रीतही चुकू नका. मी गेल्या वेळी दोन मिनिटं चालवून बंद केलं, पुन्हा लावलं, सुरुवातीपासून लागलं, तर वाटलं दोन मिनिटं म्हणजे कमीच असतील. ते खरंही आहे, म्हणूनच फसलो. पहिल्या ५ टक्क्यांत किंवा शेवटच्या ५ टक्क्यांत बंद केलं तर व्हीएलसी वेळ धरत नाही, आणि एका मिनिटापेक्षा छोट्या क्लिपांचीही नाही. दोन तासांच्या भागात ५ टक्के म्हणजे सहा मिनिटं. तेव्हा चाळीसाव्या मिनिटावर न्या, खिडकी फुलीने बंद करा, तीच फाईल पुन्हा डबल-क्लिक करा. मग लॅपटॉप बंद करून, चालू करून पुन्हा. दोन्हीदा चाळिसाव्या मिनिटावर आलं तरच उठा. नाही आलं तर काय बघायचं, ते सांगायला नको. टिक.

वीज. वेळ लिहिली जाते ती व्हिडिओ 'स्टॉप' केल्यावर किंवा खिडकी बंद केल्यावर. बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर लाइट गेली तर त्या दिवशीची वेळ गेली. बॅटरी बदला, नाहीतर झोप यायला लागली की फुली दाबायची सवय लावा. दुसरं जास्त अवघड आहे.

अख्खं फोल्डर ओढून टाकू नका, एकेकच फाईल लावा, नाहीतर ती झोपल्यावर रात्रभर पुढचे भाग वाजत राहतात.

व्हीएलसीऐवजी एमपीव्ही हा प्लेयर वापरणाऱ्यांनी क्यूऐवजी शिफ्ट-क्यूने बाहेर पडावं, जागा लक्षात राहते. फोनवरच्या व्हीएलसीतही इतिहास चालू आहे ना बघा. टीव्हीला थेट पेनड्राइव्ह लावलात तर टीव्हीच्या मर्जीवर.

बाकी एचडीएमआयची वायर, माऊसचे सेल, चार्जर. वही राहू द्या तिथेच, फेकू नका. बस पावणेसहाची आहे. टिक बघितलीत का?