उणे ४६ ची लाईन आणि वेल्डची चार्पी: कूपनला आर्क मारण्याआधीची तयारी

प्रोपेन वातावरणाच्या दाबाला उणे ४२ अंशांवर उकळतो. ए३३३ ग्रेड ६ हा थंड कामासाठीचा पोलादी पाइप उणे ४६ ला आघात-चाचणी होऊन (हीच चार्पी: खाच पाडलेला तुकडा लोलकाच्या एका घावात मोडायचा आणि किती ज्यूल लागले ते पाहायचं) कारखान्यातून बाहेर पडतो. त्यामुळे एलपीजीच्या कामात लाईन लिस्ट, म्हणजे प्लांटमधल्या पाइपलाईनची यादी, उघडली की उणे ४६ हा आकडा हमखास भेटतो. उरणचा एलपीजी प्रकल्प किंवा थळचा खत कारखाना डोळ्यांपुढे आणा. अमोनिया उणे ३३ ला उकळतो, म्हणजे तिथेही पोलाद थंडीत उभं असतं. अशा लाईनवर पाइप, एल्बो, फ्लँज असं सगळं आधीच चाचणी होऊन, कागदासकट आपल्या दारात येतं. वेल्ड तेवढा आपल्या हाताखाली जन्माला येतो. त्याची चाचणी आपणच करायची असते आणि ती नीट झाली की नाही, हे बहुतेक वेळा कूपन, म्हणजे चाचणीसाठी केलेला नमुना-जॉइंट, वेल्ड होण्याआधीच ठरून गेलेलं असतं. म्हणून ही यादी आधीच्या तयारीची आहे. पीक्यूआरवर, म्हणजे कूपन कसं वेल्ड केलं आणि चाचणीत काय आलं त्या नोंदीवर, पहिल्यांदाच सही करणार असलेल्या क्यूसी इंजिनिअरसाठी ती लिहिली आहे.

थंडीत पोलाद वाकत नाही, तडकतं. २५ सप्टेंबर १९९८ रोजी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या लाँगफर्डच्या गॅस प्रकल्पात गरम तेलाचा प्रवाह थांबला. एक हीट एक्स्चेंजर उणे ४८ च्या आसपास थंड होत गेला. मग त्यात पुन्हा गरम तेल सोडलं गेलं आणि तो फुटला. दोन कामगार गेले, आठ जखमी झाले आणि राज्याचा गॅसपुरवठा दोन आठवड्यांहून जास्त काळ विस्कळीत राहिला. ते भांडं रोजच्या कामात इतकं थंड होणारच नव्हतं. म्हणून यादीतलं पहिलं काम हे: लाईन लिस्टमधलं किमान तापमान फक्त रोजच्या चालू स्थितीचं आहे, की दाब एकदम सोडल्यावर लाईन किती गार पडते तेही धरलं आहे, हे प्रोसेसच्या माणसाला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. एलपीजीचा दाब उतरला की तापमान झपाट्याने खाली येतं. हा आकडा नंतर बदलला तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

आकडा हातात आला की करारात एएसएमई बी३१.३ ची, म्हणजे प्रोसेस पाइपिंगच्या कोडची, कोणत्या वर्षाची आवृत्ती लिहिली आहे ते पाहा. कपाटात कोणती आहे याला महत्त्व नाही. कार्बन स्टीलच्या वेल्ड मेटलला उणे २९ च्या खाली आघात-चाचणी लागते आणि सूट मिळण्याच्या ज्या मोजक्या वाटा आहेत त्या कोष्टकाखालच्या टिपांमध्ये आहेत. त्या टिपा कोष्टकापेक्षा सावकाश वाचा. ग्राहकाच्या स्वतःच्या स्पेसिफिकेशनमध्ये कोडपेक्षा जास्त ज्यूल मागितलेले असतात, तेही याच बैठकीत शोधून काढा. मागणी २७ ज्यूलची आहे हे तुकडे मोडल्यावर कळणं फार महागात पडतं.

आता पाइप. ए३३३ ग्रेड ६ चा तुकडा घ्या, एमटीसी (कारखान्याचं चाचणी-प्रमाणपत्र) आणि हीट नंबर (पोलादाच्या वितळणीचा नंबर) जुळवा, कापण्याआधी नंबर दोन्ही भागांवर उतरवा. इथे एक सापळा आहे आणि त्यात चांगली अनुभवी माणसं अडकताना मी पाहिली आहेत. वेल्डिंगसाठी पोलादांचं वर्गीकरण पी नंबर आणि त्याखाली ग्रुप असं असतं. ए३३३ ग्रेड ६ पाइप आणि ए४२० डब्ल्यूपीएल६ फिटिंग हे पी नंबर १, ग्रुप १ मध्ये येतात. ए३५० एलएफ२ फ्लँज पी नंबर १ मध्येच, पण ग्रुप २ मध्ये आहे. एरवी पी नंबर जुळला की काम भागतं. आघात-चाचणी लागू झाली की ग्रुपही जुळावा लागतो. पाइपला पाइप जोडून काढलेला पीक्यूआर फ्लँजच्या जॉइंटला आपोआप चालेल असं समजू नका. लाईनमध्ये कोणत्या ग्रुपला कोणता ग्रुप जोडला जाणार आहे, ते एका कागदावर मांडा आणि त्यावरून किती कूपन लागतील ते ठरवा.

कूपनची जाडी ठरवताना दोन नियम एकत्र वाचावे लागतात. बी३१.३ म्हणतो, जाडी टी असेल तर अर्ध्या टीपासून टी अधिक ६ मिमीपर्यंत चालेल. सेक्शन ९, म्हणजे एएसएमईचा वेल्डिंग पात्रतेचा कोड, खालच्या बाजूला जास्त कडक आहे. तिथे किमान जाडी म्हणजे कूपनची स्वतःची जाडी किंवा १६ मिमी, यांतली जी कमी ती. कूपन ६ मिमीपेक्षा पातळ असेल तरच अर्धी जाडी मिळते. याचा अर्थ प्रत्यक्षात असा. ८ इंच शेड्यूल ४० चा पाइप, ८.१८ मिमी जाडीचा, कूपन म्हणून घेतला तर ६ इंच शेड्यूल ४० चा ७.११ मिमीचा पाइप त्यात बसत नाही. तेच ७.११ चं कूपन घेतलं तर ६, ८ आणि १० इंच, म्हणजे ९.२७ मिमीपर्यंतचे शेड्यूल ४० पाइप सगळे आत येतात. म्हणून लाईन लिस्टमधली सर्वांत जाड नव्हे, सर्वांत पातळ भिंत आधी शोधा. दोन इंची ड्रेन आणि व्हेंटच्या लाईन नेहमी विसरल्या जातात. त्यांच्यासाठी वेगळं कूपन लागेल, ते आत्ताच धरा.

पातळ पाइपचा दुसरा प्रश्न तुकड्याचा. पूर्ण चार्पी तुकडा १० बाय १० बाय ५५ मिमीचा असतो. त्यात २ मिमी खोल, ४५ अंशांची व्ही नॉच (खाच), आणि तिच्या तळाची गोलाई पाव मिमी. ७.११ मिमीच्या भिंतीतून १० मिमी निघणार नाही. पाइपची गोलाई आणि जाडीतला फरक धरला तर साधारण ५ मिमीचा तुकडा निघतो. पण ५ हे ७.११ च्या ८० टक्क्यांपेक्षा कमी आहे, त्यामुळे चाचणीचं तापमान आणखी खाली न्यावं लागतं. कोष्टकात ५ मिमीसाठी ११.१ अंशांची घट आहे. त्यातून पाइपच्या स्वतःच्या जाडीची घट वजा केली की ७ अंशांच्या आसपास उरतात. म्हणजे लाईन उणे ४६ ची असली तरी चाचणी उणे ५३ ला. ८ इंची कूपनमधून ५ मिमीचे तुकडे काढले तर भिंत ८ मिमीच्या वर असल्याने वजा करायला काहीच नाही, पूर्ण ११ अंश लागतात आणि चाचणी उणे ५७ वर जाते. हे गणित लॅबवर सोडू नका. स्वतः करा, टीपीआयला (त्रयस्थ निरीक्षकाला) दाखवा आणि लॅबच्या पत्रात तापमान स्पष्ट लिहा. ज्यूलही रुंदीच्या प्रमाणात कमी होतात. ग्रेड ६ साठी पूर्ण तुकड्याला सरासरी १८ आणि एकट्या तुकड्याला किमान १४ ज्यूल लागतात, तर ५ मिमीला ९ आणि ७.

रॉडच्या बाबतीत मी कोणाचंच तोंडी ऐकत नाही. साधा ई७०१८ उणे २९ ला २७ ज्यूल देतो. ई७०१८-१ हाच आकडा उणे ४६ ला देतो. बॉक्सवर फरक फक्त त्या शेवटच्या एकचा. एका साईटवर दोन्ही बॉक्स एकाच ओव्हनमध्ये शेजारी ठेवले गेले. कोणत्या जॉइंटला कोणता रॉड लागला हे सांगता येईना आणि आम्हाला जॉइंट कापावे लागले. वेल्डर उत्तम होते, रेडिओग्राफी स्वच्छ होती आणि तरीही कापावे लागले. त्या दिवसापासून माझ्या यादीत वेगळा ओव्हन, वेगळी नोंदवही आणि बॅच नंबरचा फोटो हे आहे. टिग रूटसाठी (सर्वांत आतल्या पहिल्या पाससाठी) ईआर७०एस-२ वापरत असाल तर त्याचं वर्गीकरणही उणे २९ वर थांबतं, त्यामुळे त्याची खात्री तुमच्या चाचणीतच पटायला हवी. पातळ भिंतीत तुकडा जवळजवळ पूर्ण जाडीचा असतो, रूट आणि फिलिंग दोन्ही त्यात येतात. जाड पाइपला हे घडत नाही. तिथे दोन्ही प्रोसेसचं वेल्ड मेटल तपासलं जाईल असे तुकडे मागा. रॉड भाजण्याचं तापमान उत्पादकाच्या कागदावरून घ्या.

आता या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. कूपन साईटसारखं वेल्ड करा. वर्कशॉपमधला सर्वांत हुशार वेल्डर बोलवायचा, पातळ पातळ पास टाकायचे, प्रत्येक पासनंतर पाइप गार होऊ द्यायचा आणि ८० ज्यूल आले म्हणून आनंद करायचा, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. पण आघात-चाचणी लागू असली की कूपनमध्ये नोंदलेला हीट इनपुट, म्हणजे वेल्डच्या प्रत्येक मिमीला दिलेली उष्णता, ही साईटची वरची मर्यादा ठरते. गणित सोपं आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले ६०, भागिले मिनिटाला किती मिमी पुढे गेला तो वेग. २४ व्होल्ट, ११० अँपिअर आणि मिनिटाला १०० मिमी म्हणजे मिमीला १५८४ ज्यूल. कूपन ११०० वर संपवलं तर साईटवर व्हर्टिकल अप (खालून वर) चढणारा वेल्डर पहिल्या दिवसापासून नियमाबाहेर आहे. मग एक तर काम थांबतं किंवा खोटे आकडे लिहिले जातात, आणि त्या खोट्या आकड्यांची किंमत पुढे प्लांटमध्ये काम करणाऱ्या माणसांना मोजावी लागते. त्यामुळे साईटवर जितकं गरम होणार आहे तितकंच, किंबहुना किंचित जास्त गरम कूपन करा आणि त्यातून पास होऊन दाखवा. इंटरपास तापमानाचंही (पुढचा पास टाकण्याआधी वेल्ड किती गरम आहे त्याचंही) तसंच, नोंदीपेक्षा ५५ अंशांहून वर जाता येत नाही. पाइप ५जी किंवा ६जी मध्ये (न फिरवता, आडवा किंवा ४५ अंशांत तिरपा धरून) व्हर्टिकल अप वेल्ड करा, म्हणजे बाकी पोझिशन आत येतात. चार्पीचे तुकडेही शक्यतो बाजूच्या चढत्या भागातून घ्या, कारण तिथे उष्णता जास्त साचते.

नोंद ठेवायला वेल्डरशिवाय वेगळा माणूस लागतो. करंट मोजायला टाँग टेस्टर, घड्याळ, तापमान पाहायला खडू किंवा थर्मामीटर आणि प्रत्येक रॉड कुठून कुठपर्यंत गेला ते लिहिणारी वही. सरासरी चालत नाही, प्रत्येक पासची ओळ हवी. पीडब्ल्यूएचटी (वेल्डनंतरची उष्णता-प्रक्रिया) लागणार असेल तर कूपनलाही तेवढाच वेळ, तेच तापमान आणि तसंच थंड होणं मिळालं पाहिजे.

बेव्हलबद्दल, म्हणजे जोडण्याआधी पाइपच्या कडेला दिलेल्या उताराबद्दल, एक सूचना. नेहमीच्या व्ही बेव्हलमध्ये हॅझ, म्हणजे वेल्डशेजारचा तापलेला पट्टा, तिरपा असतो. नॉच पृष्ठभागाला काटकोनात असल्याने ती थोडी वेल्डमधून, थोडी हॅझमधून आणि थोडी मूळ पाइपमधून जाते आणि आपण नक्की काय मोडलं ते कळत नाही. एका बाजूची कड सरळ, दुसरी तिरपी ठेवली तर सरळ बाजूचा हॅझ उभा मिळतो. निरीक्षकाशी बोलून हे आधी ठरवा. लॅबला लिहून द्या की हॅझचा तुकडा आधी घासून नायटलने (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणाने) एच करायचा, पट्टा दिसल्यावर रेघ मारायची आणि मगच नॉच पाडायची. वेल्डच्या तुकड्याचा एक चेहरा पाइपच्या पृष्ठभागापासून दीड मिमीच्या आत हवा.

तुकडे किती? वेल्डचे तीन, हॅझचे तीन. दोन वेगळे ग्रुप जोडत असाल तर दोन्ही बाजूंच्या हॅझचे. ६ इंची पाइपचा घेर ५२९ मिमी. दोन टेन्साइल आणि चार बेंड काढून त्यात चार्पीला पुरेशी जागा उरते. पण पुन्हा चाचणी लागली तर त्याच कूपनमधून तीन तुकडे अजून निघायला हवेत, म्हणून कापणीचा नकाशा आधी काढा. उरलेला भाग भंगारात जाऊ देऊ नका, त्यावर पंच मारून कुलपात ठेवा.

लॅबला एकदा स्वतः जा. लोलक-यंत्राचं कॅलिब्रेशन चालू वर्षाचं आहे का, नॉच शॅडोग्राफवर (सावली मोठी करून दाखवणाऱ्या यंत्रावर) तपासतात का, अल्कोहोल आणि ड्राय आइसचं बाथ उणे ५७ ला स्थिर राहतं का ते पाहा. ड्राय आइस उणे ७८ पर्यंत साथ देतो, त्यामुळे हे तापमान अवघड नाही. तुकडा द्रवात किमान पाच मिनिटं राहिला पाहिजे, चिमटाही त्याच बाथमध्ये गार झाला पाहिजे आणि बाहेर काढल्यापासून पाच सेकंदांत घाव बसला पाहिजे. सहावा सेकंद उजाडला तर तो तुकडा परत बाथमध्ये.

निकाल वाचताना फक्त सरासरीवर जाऊ नका. ५ मिमीचे तीन तुकडे १४, ११ आणि ६ आले तर सरासरी १० च्या वर आहे, पण ६ हा ७ च्या खाली, म्हणून पुन्हा चाचणी. ८, ८ आणि १४ आले तरी सरासरी १०, पण दोन तुकडे ९ च्या खाली, म्हणून इथेही पुन्हा चाचणी. दुसऱ्या वेळी तिन्हींपैकी प्रत्येक तुकडा सरासरीच्या आकड्याला, म्हणजे ९ ला पोचला पाहिजे. मोडलेले तुकडे जोडीने बांधून, नंबर लावून, थोडं तेल लावून जपून ठेवा. तुटलेला चेहरा मळकट आणि तंतूंसारखा ओढलेला आहे की साखरेसारखा चमकतो, हे टीपीआयला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या, आणि त्याची सही त्याच दिवशी घ्या.