कोकणात डीजेची सुपारी: आधी वीज, मग गाणी

कोकणात डीजेचा कार्यक्रम गाण्यांमुळे क्वचितच बिघडतो. व्होल्टेज पडतं, न्यूट्रल सुटतो, खाऱ्या हवेने पिना हिरव्या पडतात, नाहीतर गाडी उभी राहते तिथून मांडव दोनशे पावलं खाली असतो आणि मध्ये पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. म्हणून सुपारी पक्की करण्याआधी जागा पाहून या, आणि ती संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान पाहा. दुपारी बाराला घरच्या बोर्डावर २३० व्होल्ट दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका. मे महिन्यात चाकरमानी आलेले असतात, घरोघरी पंखे, फ्रिज, पंप चालू असतात. लाइनीच्या टोकाच्या वाडीत रात्री आठला तोच आकडा १९० च्याही खाली गेलेला असू शकतो.

जागेवर गेल्यावर पाखाडीच्या पायऱ्या मोजा, वाटेची रुंदी बघा. अठरा इंची बेसचा एक बॉक्स ४०-५० किलोचा असतो. तो उतरवायला दोन माणसं लागतात आणि रात्री एक वाजता चढवायला चार. ही हमाली, गाडीभाडं, जनरेटरचं डिझेल आणि ठरलेल्या वेळेनंतरच्या तासाचा दर यजमानांशी आधीच बोलून कागदावर घ्या. निम्मा ॲडव्हान्स हातात आल्याशिवाय तारीख अडवू नका.

वीज तपासणं

मल्टीमीटरने फेज (वीज आणणारी तार), न्यूट्रल (परतीची तार) आणि अर्थ (जमिनीला जोडलेली तार) यांच्यातली तीन मापं व्होल्टमध्ये घ्या. फेज-न्यूट्रल २२० ते २४०. फेज-अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थला शून्य किंवा ८०-१०० असा अधांतरी आकडा आला, तर त्या घराला अर्थिंग नाही असंच धरा. कातळावरच्या घरांत हे सर्रास आढळतं. जांभ्यात रॉड खोल जात नाही आणि पाऊस संपला की वरचा थर कोरडा ठणठणीत होतो. अशा वेळी माडाच्या आळ्यात किंवा न्हाणीचं पाणी जिरतं तिथे चार फुटी तांब्याचा मुलामा दिलेला रॉड ठोका, दोन कळशा पाणी ओता, जाड हिरवी वायर आपल्या बोर्डापर्यंत आणा आणि पुन्हा मोजा.

अर्थ मिळत नाही म्हणून बोर्डात न्यूट्रलच अर्थच्या पिनेला जोडायचा जुगाड कधीही करू नका. मागे कुठे न्यूट्रल तुटला की मिक्सरच्या आणि माइकच्या धातूवर थेट फेज येतो, आणि माइक भटजींच्या हातात असतो. आपल्या मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवाच. अर्थिंग कमकुवत असलं तरी माणसातून करंट जमिनीत जाऊ लागताच तो लाइन तोडतो. दर कार्यक्रमाआधी त्याचं टेस्ट बटण दाबून बघा.

थ्री-फेज असेल तिथे आणखी एक धोका. न्यूट्रलचा स्क्रू ढिला असला, की एका फेजवर ३०० च्या वर व्होल्टेज चढतं आणि दुसऱ्यावर पडतं. मांडवातले एकीकडचे दिवे एकदम लख्ख आणि दुसरीकडचे मंद दिसले, की विचार करत बसू नका, मेन खाली करा. ॲम्प आणि लॅपटॉपचा चार्जर जळायला काही सेकंदसुद्धा पुरतात.

लोडचा हिशोब असा: दोन ॲक्टिव्ह टॉप (आत ॲम्प असलेले वरचे स्पीकर) आणि दोन ॲक्टिव्ह बेस पूर्ण जोरात वाजले तरी सरासरी ८ ते १० अँपिअर ओढतात. बॉक्सवर छापलेले हजार-दोन हजार वॉट क्षणभराचे असतात. खरी अडचण आजूबाजूच्या गोष्टींची. १५०० वॉटचं धुराचं मशीन तापताना एकटं साडेसहा अँपिअर घेतं, आणि ते मधूनमधून आपोआप चालू होतं. त्याला वेगळा पॉइंट द्या. विहिरीवरचा एक एचपीचा पंप सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट ओढतो. तोच फेज असेल तर ऐन नाचात व्होल्टेज क्षणभर पडतं आणि कंट्रोलर (डीजे गाणी हाताळतो ते यंत्र) बंद पडून पुन्हा सुरू होतो. पंप कधी लावायचा ते घरातल्या बाईमाणसांना विचारून ठरवा. पाणी त्यांनाच भरायचं असतं.

वायरीत कंजुषी नको. ५० मीटर लांब दीड चौरस मिमी तांब्याच्या वायरीत १० अँपिअरला १२ व्होल्ट वाटेतच जातात. अडीचमध्ये साडेसात, चारमध्ये साडेचार. घरून आधीच २०० येत असतील तर हा फरक निर्णायक ठरतो. वायरीचं गुंडाळं पूर्ण सोडा, गुंडाळलेली वायर लोडवर तापून वितळते.

व्होल्टेजचा भरवसा नसेल तर १५ केव्हीएचा जनरेटर पुरतो. पाऊण लोडवर ताशी तीन-साडेतीन लिटर डिझेल धरा. तो घराच्या मागे, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, निदान पंचवीस मीटर लांब ठेवा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, पण वेगळ्या अडॅप्टरवर चालणारा कंट्रोलर वीज गेली की गप्प होतो. त्याला ६०० व्हीएचा साधा यूपीएस लावला की लाइनवरून जनरेटरवर जाईपर्यंत कंट्रोलर बंद पडत नाही.

सगळा साउंड एकाच बोर्डावरून घ्या. मिक्सर ओटीवरून आणि स्पीकर मांडवातून घेतले की घूं-घूं ऐकू येणारच. ती घालवायला प्लगची अर्थची पिन कापणारे आहेत. त्याऐवजी ऑडिओच्या लाइनीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका, तो दोन्हीकडचा विजेचा जोड तोडून फक्त आवाजाचा सिग्नल पुढे सोडतो.

मांडणी आणि आवाज

दोन्ही बेस दोन टोकांना ठेवण्यापेक्षा मधोमध एकमेकांना चिकटवून ठेवा. तेवढ्याच वॉटमध्ये ठोका घट्ट येतो. क्रॉसओव्हर, म्हणजे बेस आणि टॉप आवाज वाटून घेतात ती सीमा, १०० हर्ट्झच्या आसपास ठेवा. मग नाचाच्या जागी उभं राहून एका माणसाला बेसच्या मागचं फेज-बटण (याचा विजेच्या फेजशी संबंध नाही) उलटसुलट करायला सांगा आणि ठोका जास्त भरतो ती बाजू कायम करा. कौलारू घरापासून बेस निदान तीन-चार मीटर दूर हवेत. कौलं थरथरतात, सरकतात, आणि पहिल्या पावसात गळती दिसली की दोष तुमच्या माथी. गोठा जवळ असेल तर स्पीकरचं तोंड दुसरीकडे फिरवा.

साडेनऊनंतर ‘आवाज वाढव’चा धोशा सुरू होतो आणि टॉपचे ट्विटर बहुधा तेव्हाच जळतात. मिक्सर लाल दिव्यात गेला की सिग्नलची टोकं छाटली जातात आणि ट्विटरची कॉइल तापून तुटते. उपाय सुरुवातीला करायचा: फेडर (सरकवायची पट्टी) पूर्ण वर ठेवून गेन (आत येणाऱ्या सिग्नलची पातळी) असा लावा की मीटर हिरव्यात खेळेल, पिवळ्याला फक्त शिवेल. मास्टर सत्तर टक्क्यांवर. वाढवायचं ते स्पीकरच्या मागच्या नॉबवर, आणि तेही लोक जमल्यावर. बेसचा ईक्यू (खालचे-वरचे सूर कमीजास्त करायची कळ) ६ डीबी वर ढकलला की ॲम्पकडे चौपट पॉवर मागितली जाते. ईक्यू चढवण्यापेक्षा स्पीकर दोन मीटर पुढे आणलेले बरे.

समुद्रकिनारी

वाळूत ट्रायपॉडचा पाय रुततो. प्रत्येक पायाखाली दीड फुटी प्लायचा तुकडा आणि वर वाळूची गोणी ठेवा. शक्य असेल तर टॉप बेसवरच्या पोलवर चढवा. कनेक्टरचे जोड वाळूवर पडू देऊ नका. भरतीची वेळ तिथीवरून काढता येते: तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या पुढेमागे पूर्ण भरती. हा ढोबळ अंदाज आहे, नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहा. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा सुकलेल्या शेवाळाच्या रेषेच्याही बरंच वर मांडा. टॉपची तोंडं समुद्राकडे ठेवा. बेस चहूकडे पसरतो, तो हातचा राखूनच वाजवा. खाडीकाठी रात्री पाण्यावरची हवा थंड होते, आवाज वर न जाता खाली वाकतो आणि पलीकडच्या गावात स्पष्ट पोचतो. तक्रारीचा फोन तिकडूनच येतो.

कार्यक्रमाची नाडी

मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका. सगळी गाणी लॅपटॉपमध्ये आणि तीच दोन पेनड्राइव्हवर ठेवा. कोळीगीतांचा ठेका पुष्कळदा सहा मात्रांचा असतो. त्यावर चार मात्रांचं रिमिक्स सिंक बटणाने (दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणाऱ्या) चढवलं की पाय अडखळतात. ओळ संपली की सरळ कापा, किंवा मध्ये चार-आठ सेकंद नुसता ढोल ठेवा.

रायगडात आगरी-कोळ्यांच्या हळदीला धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, म्हणते. तेव्हा ट्रॅक पूर्ण बंद. हळू केलेलं गाणंसुद्धा नको. तिला स्टँडवर माइक द्या आणि खालचा बेस त्या चॅनेलवरून कापा. म्हातारीचा आवाज बारीक असला तरी मांडवाच्या टोकापर्यंत जायला हवा, कारण लग्नाचे विधी त्यावर चालतात. मंगलाष्टकांना भटजींचा माइक टॉपच्या मागच्या बाजूला राहील असं उभं करा, म्हणजे शिट्टी येत नाही. ‘तदेव लग्नं’ सुरू झालं की सनई दुसऱ्या डेकवर तयार ठेवा. अंतरपाट खाली येताना ती वाजली पाहिजे, पाच सेकंद उशीर सगळ्यांना कळतो. गणपतीत जाखडीला (कोकणातला गाण्यावरचा लोकनाच) दोन माइक गाणाऱ्यांना, एक ढोलकीला. शिमग्यात पालखी अंगणात आली की सिस्टीम बंद, तिथे ढोलाचाच मान.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा बंदी असते. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. ते कोणते, हे पोलीस ठाण्यात विचारा. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. दवाखाना, शाळा, कोर्टापासून १०० मीटर शांतता क्षेत्र. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लग्नाच्या वरातीला आणि लग्नाच्या समारंभांना गाणी वाजवायच्या परवान्यातून सूट आहे, हॉटेलातल्या थर्टी फर्स्टला नाही. तो परवाना आयोजकाने काढायचा, असं करारात लिहा.

घरी आल्यावर

किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने जाळ्या, हँडल, स्टँड पुसा आणि लगेच कोरडे करा. मीठ हवेतलं पाणी ओढून धरतं, त्यामुळे नुसतं कोरडं पुसून गंज थांबत नाही. एक्सएलआरच्या (माइकच्या तीन पिनांच्या जोडाच्या) पिना ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. फेडरसाठी फेडरचाच क्लीनर वापरा. गंज सोडवायचा स्प्रे मारला तर आतलं वंगण धुऊन निघतं आणि महिन्याभरात खरखर सुरू होते. एसी खोलीतून बाहेर काढलेला कंट्रोलर अर्धा तास बॅगेतच राहू द्या, नाहीतर आत दव धरतं. पावसाळ्यात केसमध्ये पावशेर सिलिका जेल ठेवा. रंग बदलला की मंद तव्यावर परतून पुन्हा वापरा. जून ते सप्टेंबर सुपारी नसली तरी आठवड्यातून एकदा तासभर सगळी सिस्टीम हळू आवाजात चालवा. आतल्या उष्णतेने ओल सुटते, आणि ॲम्पच्या पंख्याच्या जाळीतून पाल शिरली असेल तर तीही तेव्हाच सापडते.