अंगणातली दुभती शेळी: लहान चणीच्या जाती घरी सांभाळताना

हौसेसाठी आणि घरच्या दुधासाठी लहान चणीची शेळी पाळू इच्छिणाऱ्याने जात निवडण्याआधी करडांचा विचार करावा. शेळी दूध देते ती व्याल्यानंतरच. दर वेताला एक, पुष्कळदा दोन करडे होतात आणि त्यांतली साधारण निम्मी नर असतात. त्या नरांचे पुढे काय करायचे हे ज्याला आजच सांगता येत नाही, त्याने दुधाचा नाद सोडून दोन खच्ची केलेले बोकड पाळावेत. हौस तेवढ्यानेही भागते. दोन म्हणण्याचे कारण असे की शेळी हा कळपातला प्राणी आहे, आणि एकटी बांधलेली शेळी दिवसभर ओरडून शेजाऱ्यांनाही त्रास देते.

नायजेरियन ड्वार्फसारख्या परदेशी बुटक्या जाती चित्रफितींत गोजिरवाण्या दिसतात, परंतु त्यांच्यामागे लागण्याचे कारण नाही. आग्रा-मथुरा-एटा भागातली बारबरी ही आखूड उभ्या कानांची, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपक्यांची जात बांधून पाळण्यास उत्तम असून मादी साधारण २० ते २५ किलोंची भरते. दुधाला गुजरातची सुरती जात अधिक चांगली. उस्मानाबादी काटक खरी, पण ती मुख्यतः मांसासाठी पाळली जाते. आटपाडीसारख्या बाजारातून शेळी घ्यायची असल्यास ती आपल्यासमोर पिळायला लावावी. दोन्ही सड सारखे असावेत आणि दूध काढल्यावर कास मऊ पडावी.

सातारा-सांगलीत गोठा कसा असावा हे तालुक्यावर ठरते. जावळी, पाटण, शिराळा या पावसाच्या पट्ट्यात जमिनीपासून दोन-तीन फूट उंच, फटी ठेवलेले लाकडी मचाण करावे, कारण ओल्या जमिनीवर खूर कुजतात आणि जंतांचा उपद्रव वाढतो. माण, खटाव, जत या भागांत मात्र कोरडी मुरमाड जमीन, भरपूर सावली आणि खेळती हवा पुरेशी होते. दोन्हीकडे प्रत्येक शेळीस छपराखाली १० ते १२ चौरस फूट आणि बाहेर त्याच्या दुप्पट मोकळी जागा द्यावी. शहरात राहणाऱ्यांनी नगरपालिकेच्या परवानगीची चौकशी आधीच करावी.

चाऱ्याच्या बाबतीत कराड-वाळव्याकडे एक सवय घातक ठरते. उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, फुकट मिळतात म्हणून तेवढेच टाकले जातात. परंतु वाढ्यातील ऑक्झलेट हा क्षार शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते, आणि दुभत्या जनावराला नेमके तेच हवे असते. शेवरी, हादगा, तुती, लसूणघास आणि तुरीचा भुसा आलटून पालटून द्यावा. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावी. २५ किलोंच्या दुभत्या शेळीस दिवसाला दोन-अडीच किलो हिरवा चारा, अर्धा किलो कोरडा चारा आणि पावशेर खुराक (पेंड-भुशाचे मिश्रण) ही सुरुवात समजावी. लाड म्हणून भाकरी, शिळा भात किंवा धान्याची ओंजळ देणाऱ्या पाहुण्यांना स्पष्ट नाही म्हणावे, कारण अचानक पिठूळ अन्न पोटात गेले की आम्लता वाढून शेळी दगावू शकते. कुंपणाला कण्हेर असेल तर ती आधी काढावी, आणि ज्वारीचे कोवळे पोंगे शेळीच्या तोंडाशी येऊ देऊ नयेत.

पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची (आतड्यातील जंतूंच्या विषाने होणाऱ्या रोगाची) लस आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर जंतनाशक द्यावे. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस करडू तीन महिन्यांचे झाल्यावर टोचून घ्यावी. लाळ्या-खुरकूतसह बाकीचे वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यात ठरवून मिळते. खूर दीड-दोन महिन्यांनी कापावेत.

माज साधारण २१ दिवसांनी येतो आणि दीड दिवसापर्यंत टिकतो. गाभण काळ सुमारे १५० दिवसांचा असतो. त्यातील शेवटचे दोन महिने दूध काढणे बंद करून शेळी आटवावी. व्याल्यावर पहिल्या तासाभरात करडांना चीक पाजावा. घरच्या वापराचे दूध नेहमी उकळूनच घ्यावे, कारण ब्रुसेल्लोसिस कच्च्या दुधातून माणसाला होतो. दुधाला उग्र वास येत असेल तर बोकड लांब बांधावा, कास धुऊन पिळावे आणि भांडे लगेच थंड करावे.