सूत्री विभाजन शिकताना या चुका टाळा

सूत्री विभाजनाच्या, म्हणजे एका पेशीपासून तितकीच गुणसूत्रे असलेल्या दोन पेशी होण्याच्या, चारही अवस्थांची नावे (पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था) विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. मात्र कोणत्या अवस्थेत किती गुणसूत्रे असतात असे विचारले, की उत्तर हमखास चुकते. डीएनएची प्रत पूर्वावस्थेत तयार होते, हा गैरसमज बहुधा त्याच्या मुळाशी असतो. प्रत्यक्षात हे काम विभाजन सुरू होण्यापूर्वीच, आंतरावस्थेच्या (दोन विभाजनांमधल्या काळाच्या) 'एस' टप्प्यात पूर्ण झालेले असते. पूर्वावस्थेत गुणसूत्रे घट्ट गुंडाळली जातात आणि म्हणून दिसू लागतात, एवढेच.

गुणसूत्रे मोजताना त्यांच्या भुजा मोजू नयेत, गुणसूत्रबिंदू (भुजा जेथे जुळतात ती जागा) मोजावेत. कांद्याच्या मुळाच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात. मध्यावस्थेत प्रत्येक गुणसूत्र दोन अर्धगुणसूत्रांचे (एकसारख्या प्रतींचे) असते, म्हणजे अर्धगुणसूत्रे ३२, पण गुणसूत्रबिंदूच्या जागी ती जोडलेली असल्याने गुणसूत्रे १६च. अर्धगुणसूत्रांना एकत्र धरून ठेवणारे कोहेसिन हे प्रथिन सेपरेज हे विकर (एन्झाइम) तोडते, तेव्हा पश्चावस्था सुरू होते आणि त्या क्षणापासून पेशीत ३२ गुणसूत्रे होतात, प्रत्येक ध्रुवाच्या (पेशीच्या टोकाच्या) वाट्याला १६. मध्यावस्थेच्या आकृतीत समजात गुणसूत्रांच्या (आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या सारख्या गुणसूत्रांच्या) जोड्या दाखवणे हीसुद्धा चूकच आहे. त्या जोड्या अर्धसूत्री विभाजनात, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनात, जुळतात.

पश्चावस्थेच्या आकृतीत गुणसूत्रबिंदू पुढे, ध्रुवाकडे, आणि भुजा मागे फरफटत येताना दाखवाव्यात. अनेक वह्यांत हे नेमके उलटे काढलेले आढळते, आणि तुर्कतंतू (गुणसूत्रांना ध्रुवांशी जोडणारे धागे) रबरासारखे आखडून गुणसूत्रे ओढतात असे खाली लिहिलेले असते. तंतू आखडत नाहीत. ते ज्या ट्युब्युलिन प्रथिनाचे बनलेले असतात त्याची एकके टोकांकडून, विशेषतः गुणसूत्राला जोडलेल्या टोकाकडून, सुटत जातात आणि तंतूची लांबी कमी होते.

प्रयोगशाळेत कांद्याच्या मुळाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना विभाजन दिसतच नसेल, तर बहुतेक वेळा मुळाचा भाग चुकीचा घेतलेला असतो. टोकाचा २ ते ३ मिलिमीटरचा भागच घ्यावा, कारण विभाजणाऱ्या पेशी तेथेच असतात; तरीही बहुसंख्य पेशी आंतरावस्थेत दिसतील, आणि ते स्वाभाविक आहे. पेशी एकमेकींवर चढलेल्या दिसत असतील, तर आधी आम्लात ठेवलेले मूळ पुरेसे मऊ झालेले नाही असे समजावे. आच्छादक काचेवर (पेशींवर ठेवलेल्या पातळ काचेवर) टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाब द्यावा. काच जराही सरकली, की पेशी गुंडाळल्या जातात आणि मोजणी अशक्य होते.