दसऱ्याला दाराला बांधायचं ‘नवं’, घरच्या घरी

कोकणात कुणी दसऱ्याला तर कुणी नवान्न पौर्णिमेला दाराला नवं, म्हणजे नव्या पिकाची छोटी जुडी, बांधतं, आणि त्याला विकतचं काहीच लागत नाही बरं का. शेतातून भाताच्या ४-५ लोंब्या (ज्याचं शेत असेल त्याला विचारून घ्या हां!), बांधावरचा कुर्डू (तुरे येणारी रानभाजी), नाचणीचं कणीस, झेंडू आणि आंब्याची पानं आणा. पान कोवळं नको, लगेच मान टाकतं. पानावर एकेक लोंबी, कुर्डूचा तुरा, कणीस आणि झेंडू ठेवायचा, देठं एका लेव्हलला आणून पान गुंडाळायचं आणि केळीचं सोपट (खोडाची सुकी साल) भिजवून त्याने घट्ट आवळायचं, सुकं घेतलं तर तुटतं, मी दोनदा तोडलंय. लोंब्या खाली लोंबत्या ठेवा. चिमण्या येतात दाणे टिपायला, येऊ द्या.