लोंगजिंगवर उकळतं पाणी ओतू नका
चायनीज ग्रीन टी कडू लागला म्हणून डबा तसाच पडून असेल तर चूक बहुतेक पाण्याची आहे, पत्तीची नाही. आपल्याला चहा म्हणजे पातेल्यात खळाखळा उकळायचा हीच सवय, पण लोंगजिंग म्हणजे झेजियांग प्रांतातल्या हांगझोउचा, कढईत हाताने दाबून दाबून परतलेला चपट्या पानांचा चहा, त्याला ८० डिग्रीच्या आसपासचं पाणी बास. थर्मामीटर वगैरे नको, पाणी उकळलं की गॅस बंद करा, झाकण काढून चार-पाच मिनिटं थांबा आणि मग काचेच्या ग्लासात ३ ग्रॅम पत्तीवर १५० मिली ओता, दोनेक मिनिटांत पानं हळूहळू खाली बसायला लागतात आणि भाजलेल्या शेंगदाण्यासारखा मंद वास येतो. तीच पत्ती अजून दोनदा चालते, फेकू नका. दूध-साखर प्लीज नको!

युन्नान प्रांतातल्या पुअर या आंबवलेल्या चहाचं मात्र उलटं, त्याला कडकडीत पाणीच लागतं आणि पहिलं पाणी १० सेकंदात सरळ ओतून द्यायचं. फुजियानमधल्या आन्शीच्या तिएग्वानयिन ऊलाँगलाही, म्हणजे ग्रीन आणि ब्लॅक टीच्या मधल्या चहालाही, ९५ डिग्रीच्या वरचं चालतं.

आणि हो, लोंगजिंगच्या पाकिटावर 'मिंगछियान' दिसलं तर ती ५ एप्रिलच्या आसपास येणाऱ्या छिंगमिंग सणाआधी खुडलेली कोवळी पानं, म्हणून महाग. शिकायला साधाच घ्या.